तेहतीसशेची चिठ्ठी

फेरेकाकांना एका जागी शांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खुर्चीत बसले तरी उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत राहायचा. जेवताना हलायचा, पेपर वाचताना हलायचा, डॉक्टरने "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की दुप्पट हलायचा. त्यांची बायको म्हणायची, "अहो, त्या पायाला एक पट्टा जोडा. घरातला पंखा तरी फुकटात फिरेल."

नाव त्यांचं वेगळं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी पंपाच्या कारखान्यात मोटारींना तार गुंडाळली. निवृत्त झाले आणि घरात बसून बायकोला सळो की पळो करून सोडलं, म्हणून तिनेच ओळखीतून त्यांना एका दुकानात लावून दिलं. दुकान रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांचं. त्यांना खेळणी म्हटलेलं काकांना खपायचं नाही. हातभर लांबीची गाडी ताशी शंभर किलोमीटरने अंगावर आली की कळेल खेळणं कशाला म्हणतात, असं ते ऐकवायचे. मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. कुणी मोटार मागायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "फेरे किती हवेत?" तेव्हापासून ते फेरेकाका.

प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. या मोटारींवर केव्ही म्हणून एक आकडा असतो. नवखी माणसं त्याला किलोव्होल्ट समजून हात मागे घेतात. अर्थ अगदी साधा आहे: एका व्होल्टला मोटार मिनिटाला किती फेरे मारेल, तो आकडा. तेहतीसशेची मोटार एका व्होल्टला तेहतीसशे फेरे. बॅटरीचे जितके व्होल्ट, तितक्याने गुणायचं. आलेलं उत्तर खोक्यावर छापलेल्या मर्यादेच्या आत असलं तर मोटार जगते, नाहीतर आतले चुंबक सुटतात. एवढंच शास्त्र. पण माणसं तिथेही घोळ घालतात. चार सेलच्या बॅटरीवर चौदा दशांश आठ व्होल्ट छापलेले असतात. लोक तोच आकडा धरून गुणाकार करतात आणि खूश होतात. ताजी भरलेली बॅटरी सोळा दशांश आठ देते, हे कुणी बघतच नाही. "छापलेलं वाचू नका, मोजा!" काका ओरडायचे आणि खिशातला मीटर काढायचे. मीटर त्यांच्या खिशात कायम असायचा. लग्नाला गेले तरी.

खोक्यांवरही त्यांचा भरवसा नव्हता. आलेली प्रत्येक मोटार ते स्वतः टेबलावर फिरवून मोजायचे, खरा आकडा पांढऱ्या चिठ्ठीवर आपल्या ठसठशीत अक्षरात लिहायचे आणि मोटारीच्या पोटावर चिकटवायचे. काकांची चिठ्ठी म्हणजे दगडावरची रेघ. दुकानातले लोक कंपनीवर शंका घेत, चिठ्ठीवर घेत नसत.

आणि त्यातली एक चिठ्ठी खोटी होती.

ती कुणाच्या मोटारीवर होती, हे सांगण्याआधी कारखान्यातली एक गोष्ट सांगायला हवी. काका तिशीत असताना चाचणीच्या टेबलावर एक मोटार जादा दाबाने फिरवली गेली. नेहमीपेक्षा जरा उंच सूर लागला, मग टाळी वाजावी तसा आवाज झाला. शेजारच्या टेबलावरचा जोडीदार डबा उघडत होता. त्याचा डावा डोळा गेला. ती मोटार जोडली होती दुसऱ्याच कुणीतरी, पण गुंडाळली होती काकांनी. काकांचा पाय त्या दिवसापासून हलतो. बायकोला हे ठाऊक आहे, म्हणून ती पंख्याचा विनोद करते. नाहीतर रडावं लागलं असतं.

मुलगी एकुलती एक, सत्तावीस वर्षांची. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायला होती. केसाच्या जाडीचा फरक बोटाला कळणारी पोरगी. तिलाही गाड्यांचं वेड लागलं आणि वेड लावलं कुणी, तर काकांनीच. तिला गुणाकार शिकवला, तारांना कथलाचा डाग द्यायला शिकवलं, मीटर धरायला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी ती टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला वेगाच्या शर्यतीत उतरायचंय. सगळे तेहतीसशे लावतात. मलाही तेहतीसशे द्या."

काकांच्या डोळ्यांसमोर जोडीदाराचा उघडा डबा आला. नाही म्हणाले असते तर तिने दुसरीकडून आणली असती. म्हणून त्यांनी हो म्हटलं. एक दोन हजारची मोटार घेतली, तिच्यावरचा कंपनीचा आकडा थिनरने पुसला आणि वर चिठ्ठी लावली: ३३००. आकार तोच, वजन जवळपास तेच. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत आलं.

त्या दिवशी त्यांना शांत झोप लागली. इथेच चुकलं.

कारण गाडी पळेचना. इतरांच्या गाड्या चार सेलवर शंभर गाठत होत्या, हिची साठावर दम टाकायची. तिने चाकं बदलली, दातेरी चक्रं बदलली, वजन कमी केलं. काही फरक नाही. मैदानावरची मंडळी विचार करायला लागली. मोटार? मोटारीवर तर काकांची चिठ्ठी आहे. मग उरले कोण, तर हात. रिमोटचा चाप पूर्ण दाबायला ती कचरते, शेवटच्या क्षणी बोट मागे घेते, असं ठरलं. कुणीतरी तिला 'ब्रेक' म्हणायला लागलं आणि ते नाव चिकटलं. "चला, आता ब्रेकचा नंबर!" अशी आरोळी उठायची. काका तिथेच उभे असायचे, मूग गिळून.

एकदा ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, माझं बोट घाबरतं का हो? मला तर पूर्ण दाबल्यासारखं वाटतं."

सांगायची वेळ ती होती. काकांनी तोंड उघडलंही. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "सवयीने होईल," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तिला एक लाल रबरी चेंडू आणून दिला. बोटांत ताकद येण्यासाठी. पोरगी रोज सकाळी ओट्याशी उभी राहून तो चेंडू दाबायची. शंभर वेळा, मग दोनशे. काका समोर चहा प्यायचे. पाय टेबलाखाली हलत असायचा.

गेल्या हिवाळ्यात तिने कारखान्यात काचा घासायचं टेबल सोडलं आणि कचेरीत पावत्या फाडायला बदली मागून घेतली. आईने विचारलं तर म्हणाली, "माझे हात जड आहेत गं. उगाच कुणाची काच बिघडायची." ते ऐकून काका उठून गच्चीवर गेले. पण सांगितलं तेव्हाही नाही. दोन वर्षं जुनं खोटं पहिल्या दिवसापेक्षा फार जड झालेलं असतं.

मग महिन्याभरापूर्वी ती हट्टाला पेटली. तीन-तीन सेलच्या दोन बॅटऱ्या जोडून तिने सहा सेल केले आणि त्याच मोटारीला लावले. पूर्ण भरल्यावर पंचवीस दशांश दोन व्होल्ट. चिठ्ठीप्रमाणे त्र्याऐंशी हजार फेरे. मोटारीची मर्यादा साठ हजार. सगळे दूर पळाले. मोटारीला काही झालं नाही. होणारच कसं? खरे फेरे होते पन्नास हजार चारशे. गाडी नव्वदला पोचली. चिठ्ठीप्रमाणे दीडशेला जायला हवी होती, पण तेही तिच्या बोटाच्याच नावावर जमा झालं.

"बघा!" शर्यतीच्या दोन दिवस आधी ती घरी येऊन म्हणाली. "तुमचा गुणाकार म्हणजे घाबरटांचा खेळ आहे, बाबा. महिनाभर त्र्याऐंशीवर चालवतेय, साधी गरमही होत नाही. मर्यादा-बिर्यादा काही नसतं. आणि आता तुम्ही मैदानावर येऊ नका. तुमचा पाय हलताना दिसला की माझं बोट हलतं."

काकांनी मनात हिशेब करून बघितला, पन्नास हजार म्हणजे धोका नाही, आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

शर्यतीच्या रविवारी ती सकाळी साडेसातलाच घरची चारचाकी घेऊन निघून गेली. काका साडेआठला स्वयंपाकघरात आले. ओट्यावर चार्जर तसाच होता, पडद्यावर शेवटचा आकडा: २५.२०. शेजारी जुनी मोटार, पोटावर चिठ्ठी. खाली कागदाचा कपटा.

"बाबा, ही तुमच्या खोक्यात टाका. काल दुसरीकडून नवी घेतली, कोरी. तेहतीसशेचीच. आज तरी ब्रेक सुटेल."

काकांनी तो कपटा दोनदा वाचला. मग पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

नवी मोटार खरोखरची तेहतीसशेची होती. बॅटरी तीच, सहा सेलची, काठोकाठ भरलेली. आणि मुलीला ठाम माहीत होतं की तेहतीसशेला सहा सेल चालतात, कारण महिनाभर तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला ते दाखवलं होतं काकांच्या चिठ्ठीने.

"काय झालं?" बायको दारात आली.

काकांनी सांगितलं. सगळं. तीन वाक्यांत आटपलं. दोन वर्षं जे जमलं नव्हतं, ते.

बायकोने कपाळाला हात लावला नाही, आरडाओरडा केला नाही. तिने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा आरडाओरडा परवडला असता. "चेंडू," ती म्हणाली. "तो चेंडू तुम्ही आणलात." आणि फोन त्यांच्या हातात दिला.

मुलगी फोन उचलेना. मैदानावर ती फोन पिशवीत टाकते, हे दोघांनाही माहीत होतं. काकांनी दुकानवाल्याला लावला. तो तिथेच होता, मागे गाड्यांचा किर्र आवाज.

"अरे, तिला थांबव जरा," काका म्हणाले. "ती... ती बॅटरी जरा गरम वाटत होती."

"काका," दुकानवाला हसला, "तुम्हाला बर्फसुद्धा गरम वाटतो. महिनाभर चालवतेय ती. सातवा नंबर आहे तिचा, सांगतो जपून म्हणून." आणि ठेवला.

बायको बघत होती. "बॅटरी गरम?"

काकांनी पुन्हा फोन लावला. आता कुणी उचलेना. ते चप्पल घालून बाहेर पडले. आणि मग परत येऊन ती जुनी मोटार खिशात घातली.

बस मिळाली, पण ती बस होती की वरात, कोण जाणे. प्रत्येक थांब्यावर थांबायची, प्रत्येक सिग्नलला नमस्कार करायची. काका सीटवर बसले, उठले, दाराशी गेले, परत आले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बसा हो, बस तुमच्या चालण्याने लवकर नाही पोचणार." काकांनी चार वेळा घड्याळ बघितलं. नऊला सुरुवात. एकेकाला चार मिनिटं. सातवा नंबर म्हणजे नऊ चोवीस. घड्याळात नऊ दहा. डोक्यात गुणाकार थांबत नव्हता: पंचवीस दशांश दोन गुणिले तेहतीसशे, त्र्याऐंशी हजार एकशे साठ. परत केला, उत्तर तेच. आणि प्रत्येक वेळी तो उंच सूर कानात लागत होता, टाळी वाजण्याआधीचा.

ती जमिनीवर उकिडवी बसून चालवते. गाडी तिच्यापासून दोन हातांवर सुटते, चेहऱ्यासमोर. डोळ्यांसमोर.

पुलापाशी एक मालट्रक आडवा झालेला होता आणि बस मागे अडकली. काकांनी ड्रायव्हरला दार उघडायला लावलं आणि उतरून धावायला लागले. बासष्टाव्या वर्षी धावणं म्हणजे काय असतं, ते धावणाऱ्यालाच कळतं. पुलाच्या उतारावर एका चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी ती तिथेच सोडली, आणि एका पायाने चटचट वाजत, एका पायाने मुकाट, गोदामांच्या गल्लीत शिरले.

बंद गोदामांमागे सरळसोट सिमेंटचा रस्ता होता, तेच मैदान. दोन्ही कडेला तीस-चाळीस माणसं. टोकाला वेळ मोजणारा तिपाई लावून बसलेला. पांढऱ्या रेघेवर निळी गाडी. तिच्यामागे उकिडवी बसलेली मुलगी, हातात रिमोट.

"चला, ब्रेकचा नंबर!" कुणीतरी ओरडलं.

काकांना हाक मारायची होती, पण छातीत हवाच उरली नव्हती. ते माणसांमधून घुसले आणि रस्त्यात, गाडीच्या बरोबर पुढे जाऊन उभे राहिले.

"बाबा!" मुलगी संतापून उठली. "काय लावलंय हे? बाजूला व्हा!"

"सहा सेल काढ."

"झालं यांचं सुरू!" ती सगळ्यांकडे बघून म्हणाली. "महिनाभर चालवलीय मी. त्र्याऐंशी हजारावर. तुमच्याच चिठ्ठीच्या मोटारीवर!"

काकांनी खिशातून ती मोटार काढली. आता माघार नव्हती. समोर दुकानवाला होता, सगळी गिऱ्हाइकं होती, त्यांच्या चिठ्ठीवर आंधळा विश्वास टाकणारे सगळे.

"ही तेहतीसशेची नाही," ते म्हणाले. "दोन हजारची आहे. चिठ्ठी मी खोटी लावली. तुला काही होऊ नये म्हणून."

रस्त्याच्या कडेला कुणाची तरी गाडी किरकिरत होती, ती बंद झाली.

मुलीने ती मोटार हातात घेतली. चिठ्ठीकडे बघितलं. मग खाली बसून धुळीत बोटाने गुणाकार मांडला. पंचवीस दशांश दोन गुणिले दोन हजार. पन्नास हजार चारशे. शेजारी दुसरा मांडला. त्र्याऐंशी हजार एकशे साठ. तिचं बोट त्या दुसऱ्या आकड्यावर थांबलं. मग तिने निळ्या गाडीकडे बघितलं, आणि हळूच, झोपलेलं मूल जागं व्हायला नको अशा हाताने, दोन्ही बॅटऱ्यांच्या पिना उपसल्या.

"म्हणून साठ," ती म्हणाली. "चार सेलवर साठ. बरोबर आहे. हात नव्हते जड."

"नव्हते," काका म्हणाले.

"आणखी कुणाकुणाच्या मोटारीवर लावलीत अशी?"

चाळीस माणसं कान टवकारून उभी होती. काकांनी मान हलवली. "कुणाच्याच नाही. फक्त तुझ्या."

हे ऐकून इतरांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते नेमकं तेव्हा. तिने मनगटाने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "मीटर."

काकांनी मीटर काढला आणि सवयीने बॅटरी कुठे आहे ते शोधायला लागले. "मोजायला नाही सांगितलं," ती म्हणाली. "मीटर द्या."

तिने कुणाकडून तरी चार सेलची बॅटरी मागून घेतली. स्वतः मोजली: सोळा दशांश आठ. स्वतः धुळीत गुणाकार केला: पंचावन्न हजार चारशे चाळीस. साठच्या आत. काकांनी नुसतं उभं राहायचं होतं, आणि ते उभे राहिले. दोन्ही पाय जमिनीवर, एक चपलेत, एक उघडा.

गाडी सुटली. निळी रेघ गेली आणि तिच्यामागून आवाज आला. टोकाचा माणूस तिपाईवरून उठून ओरडला, "एकशे दोन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानवाला "वा रे ब्रे..." म्हणाला आणि उरलेलं अक्षर त्याने गिळलं. मुलगी हसली नाही. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, उलटा-सुलटा करून, हरवून सापडलेली वस्तू बघावी तशी.

सामान आवरून ती काकांपाशी आली. "चला. अनवाणी कुठे जाता बसने. गाडीत बसा." दोन पावलं गेल्यावर थांबली. "माझ्या खोक्याला यापुढे हात लावायचा नाही. आणि उद्यापासून मी काचांवर परत जातेय, ते आईला तुम्ही सांगायचं. का ते पण तुम्हीच सांगायचं."

"सांगतो."

तिने पिशवीतून लाल चेंडू काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा तुमचा. मला नको आता."

घरी जाताना काका मागच्या सीटवर बसले होते. पाय हलायला लागला, तशी त्यांनी चेंडूवर मूठ आवळली. तेव्हा ते बोटाला लागलं. चेंडूच्या एका बाजूला, नेमका चाप दाबायच्या बोटाएवढा, खळगा पडला होता.